विषय: नागपुरातली बारा बोर बंदूक विकायची आहे, सुट्टी तीनच आठवड्यांची

मंदार:
नमस्कार मंडळी. बाबा (वय ७८) धरमपेठेत राहतात. त्यांच्याकडे परवान्याची दुनाळी बारा बोर आणि .३२ रिव्हॉल्वर आहे. दोन्ही विकायची आहेत. डिसेंबरात तीन आठवडे घरी आहे. मुखत्यारपत्र घेऊन तेवढ्यात उरकेल का?

विनायक:
नाही उरकणार. स्वतःच्या वापरासाठी बाळगलेलं शस्त्र विकायला वेगळा विक्री-परवाना लागत नाही. पण शस्त्र कायदा १९५९, कलम ५(२) प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी यांना लेखी कळवावं लागतं आणि तिथून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. पत्रात घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा असतो, त्यामुळे सौदा फिसकटला की नव्या नावाने पुन्हा ४५ दिवस. म्हणजे गिऱ्हाईक आत्ता शोधा, पत्र ऑक्टोबरात जाऊ द्या, डिसेंबरात फक्त ताबा द्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घ्याच, नाहीतर ४५ दिवस कुठून मोजायचे यावरच वाद.

धरमपेठ शहर हद्दीत, म्हणून परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात. परवाना काटोल-सावनेरकडच्या शेताच्या पत्त्यावर असता तर जिल्हाधिकारी कार्यालय.

मुखत्यारपत्राचं म्हणाल तर कागद पुढे सरकवायला ठीक, बंदूक उचलायला नाही. परवाना नसलेल्या माणसाने शस्त्र न्यायचं तर परवानाधारक सोबत हवा. नुसती त्याची लेखी परवानगी चालते ती दुरुस्ती, नूतनीकरण आणि परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी (कलम ३). विक्री त्यात नाही. बाबा गाडीत सोबत असले पाहिजेत, बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये.

अनघा:
पत्र लिहिण्याआधी नंबर ताडून बघायला सांगा बाबांना. आधी बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते पाहायचं. मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या केल्या की त्यांच्या खालच्या सपाट बाजूवर नंबर दिसतो. बॉडीवरही असतो, बऱ्याचदा त्या लाकडी भागाच्या लोखंडावरही. परवान्यावर त्यातला कुठला उतरवलाय ते बघा. जुन्या पुस्तिकेवरून नवीत उतरवताना ३ चा ८ होतो, आणि नंबर जुळला नाही की सगळं तिथेच अडतं. दुरुस्ती आधी करून घ्या, मग पत्र. परवान्याची मुदत आणि यूआयएन (राष्ट्रीय नोंदीतला परवान्याचा ओळख क्रमांक) हेही त्याच बैठकीत बघून टाका.

मंदार:
धन्यवाद. घेणारे बाबांचे छिंदवाड्याचे स्नेही आहेत, त्यांच्याकडे परवाना आहे. पंधरा-वीस जुनी काडतुसंही आहेत, तीही त्यांनाच देतो.

विनायक:
"परवाना आहे" एवढ्यावर जाऊ नका बापा. मूळ परवाना हातात घेऊन चार गोष्टी बघा: मुदत, शस्त्राचा प्रकार आणि बोर (नळीचं माप), खरेदीची मुदत (शस्त्र कधीपर्यंत विकत घ्यायचं ती तारीख), आणि परवाना कुठल्या क्षेत्रात चालतो. फक्त मध्य प्रदेशापुरता असेल तर नागपुरातून बंदूक घेऊन ते निघणार कसे? आधी त्यांच्या जिल्ह्यातून ते सोडवून घ्यायला सांगा. त्यांच्याकडे आधीच दोन शस्त्रं असतील तर विषयच संपला. १४ डिसेंबर २०१९ पासून दोनच ठेवता येतात. काडतुसंही त्यांच्या परवान्यावरच्या मर्यादेत बसतील तेवढीच. उरलेली परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करा, पावती घेऊन.

माझं मत विचाराल तर ताबा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानातच द्या. तो कमिशन घेईल, घेऊ द्या. त्याच्या रजिस्टरला नोंद होते, दोन्ही परवाने समोरासमोर तपासले जातात. पैसे बँकेतून. पावतीवर मेक, बोर, नंबर आणि दोघांचे परवाना क्रमांक. व्हॉट्सॲप ग्रुपवर बंदुकीचा फोटो टाकून भाव विचारू नका, घरात शस्त्र आहे हे गावभर कशाला?

अनघा:
ही साखळी पुढे कोणी वारस म्हणून वाचत असेल तर त्यांच्यासाठी: परवानाधारक वारले की घरातल्यांना ते शस्त्र कपाटात ठेवता येत नाही. विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं (कलम २१). वारसाला ते तिथूनच पात्र माणसाला विकता येतं आणि पैसे वारसालाच मिळतात, पण ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर शस्त्र सरकारजमा. ठेवायचंच असेल तर वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा.

आणि मंदार, विक्रीनंतर बाबांच्या परवान्यावरून दोन्ही शस्त्रं कमी करून घ्यायचा अर्ज राहू देऊ नका. रिकामा परवाना नको असेल तर त्याच अर्जात रद्द करायला सांगा, आणि पुस्तिका जमा करण्याआधी सगळ्या पानांची छायाप्रत काढून ठेवा.