रोजच्या माणसांचे पुतळे व्हायलाच हवेत

शब्दवेडी:
काल दुसऱ्या धाग्यावर मुक्तछंद यांनी लिहिलं, "ज्यांनी काही केलंच नाही त्यांचेही पुतळे उभे राहायला लागले, तर पुतळ्याला अर्थ काय उरला?" उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून हा धागा.

काही केलं नाही म्हणजे काय? स्लोव्हाकियाच्या राजधानीतले, ब्रातिस्लाव्हातले इग्नात्स लामार गरीब माणूस. पण बाहेर पडताना कोट आणि उंच टोपी, समोरून बाई आली की टोपी उचलून अभिवादन. १९६७ साली गेले. पुढे त्यांचा पुतळा झाला, तसाच टोपी उचललेला, आणि तोही चबुतऱ्याशिवाय. घोड्यावरच्या सेनापतीकडे बघून मान दुखते, लामारांच्या डोळ्यांत बघता येतं. महायुद्ध सोसलेल्या शहराशी कुणीतरी रोज अदबीनं वागत होतं, हे काम नाही?

मुक्तछंद:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. पुढे लिहिलं होतं की तो पैसा जिवंत माणसांवर खर्च करा. माझे वडील एकतीस वर्षं शाळेत शिपाई होते. मुलांची नावं तोंडपाठ. निवृत्तीला हार, भाषणं, "तुम्ही शाळेचा आत्मा". मग स्वतःच्याच पैशांसाठी त्याच शाळेच्या ऑफिससमोरच्या बाकावर दीड वर्ष हेलपाटे. मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी, घड्या पडून पडून पांढरी झालेली. उद्या फाटकाशी त्यांचा पुतळा बसवला तर मी त्या रस्त्यानं जाणार नाही.

रानवेडा:
थोडं अवांतर. जिवंतपणी पुतळा होऊ शकतो. जपानमधला हाचिको कुत्रा बघा. मालक १९२५ मध्ये गेले, तो पुढे जवळजवळ दहा वर्षं टोकियोच्या शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत येत राहिला. १९३४ मध्ये पुतळा झाला, अनावरणाला तो स्वतः हजर होता.

ओसरी:
माणसांचं बोलणं चाललंय, कुत्रं कुठून आणलंत? स्टेशनबाहेर खायला मिळायचं म्हणून येत असेल. निष्ठा वगैरे आपण चिकटवतो.

रानवेडा:
कधी कुत्रा पाळलाय का? आई गेली तेव्हा आमची कुत्री अठरा दिवस तिच्या चपलेवर हनुवटी टेकून पडून होती. समोर भरलेली ताटली. मला खाण्याचं सांगू नका.

ओसरी:
तुमच्या कुत्रीबद्दल बोललो नव्हतो, वाईट वाटलं. पण हाचिकोला १९३२ मध्ये वर्तमानपत्रात लेख येईपर्यंत स्टेशनवर हाकलत, मारत होते. आधी लाथा, मग ब्राँझ. आणि तो पुतळाही युद्धात धातूसाठी वितळवला. आताचा १९४८चा आहे.

रानवेडा:
वितळवला तरी लोकांनी पुन्हा उभारलाच ना? ते का नाही दिसत तुम्हाला?

मुक्तछंद:
हा धागा कुत्र्यांवर नाहीये! माझ्या प्रश्नाला कुणी हात लावणार आहे का?

शब्दवेडी:
मी लावते. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलातल्या मारूशा आणि कोरालिया या बहिणी. भाऊ अराजकवादी चळवळीत, म्हणून यादवी युद्धानंतर पोलिसांनी घरादाराचा छळ केला. शिवणकामाची गिऱ्हाइकं तुटली. तरी दोघी भडक कपडे, रंगवलेले चेहरे घेऊन रोज दुपारी दोनला फिरायला निघायच्या. विद्यार्थी थट्टा करायचे. वादळात छप्पर उडालं तेव्हा त्याच गावानं वर्गणीही काढली. १९९४ पासून बागेत त्यांचा रंगीत पुतळा आहे. तो नसता तर थट्टा करणारे गेल्यावर छळही विसरला गेला असता. तुमच्या वडिलांचं नेमकं तेच होईल, याची मला भीती वाटते.

ओसरी:
पण पुतळ्यानं छळ आठवतो की फोटो निघतात?

शब्दवेडी:
फोटोच जास्त निघतात, मान्य. म्हणून शेजारी सगळं लिहिलेलं हवं, छळासकट.

मुक्तछंद:
पटलं असं म्हणणार नाही. आधी थकलेले पैसे, मग पुतळा, यावरून मी हलणार नाही. पण बसवायचाच असेल तर फाटकाशी हसतमुख उभा नको. ऑफिससमोरच्या त्या बाकावर बसवा. मांडीवर ती पिशवी हवी.