अनुभव धागा: शूटच्या दिवशी दिग्दर्शकाने नेमकं काय केलं?

कॉलेजच्या शॉर्टफिल्म आता गल्लोगल्ली होतात. ठाणे-नवी मुंबईत तर दर दुसऱ्या ग्रुपमध्ये एक दिग्दर्शक सापडतोच. म्हणून विचारतेय. कॅमेरा एकाच्या हातात, बूम (काठीवरचा माइक) दुसऱ्याच्या, संवाद कलाकार बोलणार. मग त्या दिवशी तुमचं काम काय होतं? दिग्दर्शक नसाल तर तुमच्या दिग्दर्शकाने काय केलं ते लिहा. लेन्स आणि गिंबलची चर्चा नको, त्यासाठी यूट्यूब आहे.

सुरुवात मी करते. माझी नायिका एकांकिकांमधून आलेली. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची तिला सवय, आणि इथे चरईतल्या आमच्या स्वयंपाकघरात कॅमेरा तिच्यापासून दोन हातांवर. "कमी कर" म्हटलं की आवाज उतरायचा आणि भुवया चढायच्या. शेवटी आईने आणलेली मेथीची जुडी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, बोलता बोलता निवड, पिवळी पानं बाजूला काढ, आणि खरंच काढ, दाखवायला नको. ती पानं बघायला लागली. "तू जा, मी नाही येत" हे वाक्य तिने मान वर न करता, एक देठ मोडता मोडता म्हटलं. तोच टेक फिल्ममध्ये आहे. मग कंटिन्युइटीची पंचाईत: दुसऱ्या अँगलला निवडलेला ढीग तेवढाच दिसायला हवा. एका मैत्रिणीला फक्त मेथीवर नेमलं. ती फोनमधला फोटो बघून दर टेकआधी ढीग रचायची. रात्री युनिटला जेवायला काय होतं ते सांगायला नकोच.

सीवूड्सहून

आमच्या गोष्टीत फ्लेमिंगो होते, आणि फ्लेमिंगो कॉल शीट (कुणी कधी, कुठे हजर व्हायचं तो कागद) वाचत नाहीत. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते आमच्याकडच्या तळ्यात येऊन उभे राहतात, ओहोटी लागली की पुन्हा खाडीकडे. म्हणजे कॉल टाइम भरतीवर ठरणार. त्यात भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. पहिल्या दिवशी पक्षी कोवळ्या उन्हात मिळाले, तर दुसऱ्या दिवशी ते येईपर्यंत ऊन कडक झालेलं असणार आणि नायकाच्या डोळ्यांखाली सावल्या. माझं दिग्दर्शन म्हणाल तर आदल्या रात्री शॉट लिस्ट मोडून पुन्हा लिहिली, एवढंच. पक्षी दिसणारे सगळे वाइड, म्हणजे लांबून घेतलेले शॉट, पहिल्या सकाळी उरकले. क्लोजअप दुसऱ्या दिवशी झाडाच्या सावलीत, थर्माकोलवरून उजेड परतवून, मागे नुसती पानं. बघणाऱ्याला वाटतं सगळं एकाच सकाळी झालं. पाम बीच रोडचा आवाज मात्र कशानेच आवरत नाही. संवाद नव्हते म्हणून निभावलं.

वर्तकनगरहून

मी कॅमेऱ्यावर होतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. कॅमेऱ्याचं शटर 1/60 सेकंदावर असेल तर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात, 1/50 केलं की जातात. रिहर्सलला मॉनिटरवर पट्टे दिसले, मी शटर बदलायला गेलो तर दिग्दर्शिका म्हणाली, थांब. बाप नोकरी गेल्याचं घरी सांगतो तो एकच सीन असा घ्यायचा, बाकी सगळी फिल्म स्वच्छ. घेतला. मला अजून पटलेलं नाही. स्क्रीनिंगला दोघांनी प्रोजेक्टर बिघडलाय का म्हणून विचारलं.

कळव्याहून

मी प्रॉडक्शनला. शेवटचा सीन ठाणे स्टेशनच्या फलाटावर लिहिलेला. रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला परवानगी लागते, पैसेही भरावे लागतात. आमचं बजेट वडापावचं. "फोनवर गुपचूप काढू" म्हणणारे होतेच. दिग्दर्शक नाही म्हणाला. नियमाची भीती होती म्हणा, पण त्याचं खरं म्हणणं वेगळं होतं: चोरून काढलं तर एकच टेक मिळेल, आणि तो गर्दी देईल तसा घ्यावा लागेल. त्याने सीनच घरात आणला. आमच्या गॅलरीत नायिका दोरीवरचे वाळलेले कपडे काढतेय, लोकल जाते, ती हातातला चिमटा तसाच धरून गाडी जाईपर्यंत थांबते आणि पुढचा शर्ट ओढते. लोकलचा आवाज त्याच गॅलरीतून रात्री रेकॉर्ड केला. दीड पान संवादांपैकी एक शब्द उरला नाही. लेखक रुसला, पॅकअपच्या पार्टीलाही आला नाही.

ऐरोलीहून

वरची कौतुकं वाचून हेवा वाटतोय. मी असिस्टंट होते. आमचा दिग्दर्शक दर टेकनंतर सगळ्यांना मॉनिटरभोवती बोलवायचा: कसं वाटलं? स्पॉटला उभ्या असलेल्या ज्युनियरपासून ज्याचं घर होतं त्याच्या आत्यापर्यंत सगळ्यांना मतं. सोसायटीची परवानगी सहापर्यंतची, आणि पाचपासून सेक्रेटरी काका लिफ्टपाशी हाताची घडी घालून उभे. शेवटी आत्याच म्हणाल्या, "अरे, तुला आवडलं ना? मग चला पुढे." त्यानंतर काम सुटलं. श्रेयनामावलीत आत्यांचं नाव मी "विशेष आभार"मध्ये टाकलं, खरं तर जरा वर हवं होतं.

धागाकर्ती

आत्या भारी! वर्तकनगर, पट्ट्यांच्या बाबतीत मी दिग्दर्शिकेच्या बाजूने आहे. पण प्रोजेक्टरची शंका येत असेल तर त्या सीनच्या आधी एकदा ट्यूब लुकलुकताना दाखवायला हवी होती. तसा शॉट होता का? खारघर, पनवेलवाले अजून गप्प आहेत. लिहा.