लेह-लडाख, आठ दिवस, जून: माणशी सात किलोत सामान कसं बसवायचं?

चाफेकळी_नाशिक

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं (वय ५२ आणि ४८) लडाखला निघतोय. मुंबई-दिल्ली-लेह विमानाने, येतानाही तसंच. मुक्काम असे: लेह ३ रात्री, मग नुब्रात २, पँगाँगला १ आणि परतताना पुन्हा लेहला १.

चेक-इन बॅग न करता माणशी ७ किलोच्या केबिन बॅगेत भागवायचं ठरवलंय. पण पलंगावर काढून ठेवलेला ढीग बॅग सोडूनच माणशी ११ किलो भरतोय. त्यात माणशी दोन जीन्स, तीन स्वेटर, रोजचा एक याप्रमाणे आठ टी-शर्ट, बूट, चप्पल, दोन पॉवर बँक आणि बराचसा खाऊ आहे. हवा काढून टाकायच्या व्हॅक्यूम पिशव्या मागवल्यात. त्यांनी काम होईल का? आणि नक्की काय काय वगळायचं?

घाटवाट

व्हॅक्यूम पिशव्या परत पाठवा. त्या हवा काढतात, वजन नाही. उलट जागा मोकळी दिसली की माणूस आणखी दोन कपडे कोंबतो आणि काउंटरवर काटा ९ दाखवतो. शिवाय दाबलेल्या कपड्यांची कडक फळी होते, ती सॅकच्या गोलाईत बसत नाही. आणि पँगाँगच्या तंबूत एक मोजा काढायला पिशवी उघडली की पुन्हा हवा कोण काढणार?

पहिल्यांदा रिकाम्या बॅगेचं वजन करा. चाकांची कडक ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणजे ७ पैकी जवळजवळ निम्मं तिथेच संपलं. ३५-४० लिटरची साधी सॅक ११०० ते १३०० ग्रॅममध्ये मिळते. माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंमीच्या आत हवं, पण आपल्या तिकिटावर काय लिहिलंय तेच धरा. नुब्रातल्या हुंदरच्या वाळूत आणि पँगाँगच्या खडीत चाकं तशीही चालत नाहीत.

आता मूळ मुद्दा. तुम्ही आठ दिवसांचं सामान भरताय, भरायचंय तीन रात्रींचं. लेहहून नुब्रा-पँगाँग करून तुम्ही लेहलाच परत येताय. लेहमध्ये धुणं होतं, आणि हवा इतकी कोरडी असते की पातळ सिंथेटिक कपडा रात्रभरात खोलीतच वाळतो. त्यामुळे टी-शर्ट अंगावरचा धरून चार पुरतात, आतले कपडे पाच जोड.

माझा हिशेब ग्रॅममध्ये देतो, काट्यावर ताडून पाहा. सॅक ११००. पूर्ण बाह्यांचे सिंथेटिक टी-शर्ट तीन, मिळून ४८०. एक जादा ट्रेकिंग पँट ३२०. थर्मलचा एक जोड ३५०, रात्रीचे कपडेही तेच, वेगळा नाइट ड्रेस नको. फ्लीस (मऊ, उबदार सिंथेटिक जॅकेट) ३५०. वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट ३५०. आतले कपडे ३००. मोजे पातळ तीन जोड आणि लोकरी एक, २५०. कानटोपी, हातमोजे, उन्हाची टोपी आणि गळपट्टी ३००. रबरी चप्पल २५०. पंचा १५०. साबण, ब्रश, क्रीम वगैरे ५००. औषधं २००. चार्जर, वायर, पॉवर बँक ४५०. स्टीलची बाटली ३००. खाऊ ६००. बेरीज ६२५०. वरचे ७५० ग्रॅम येताना आणायच्या जर्दाळूंसाठी ठेवा.

बूट पायात. फुगीर पफर जॅकेट हातावर किंवा अंगावर. मुंबईच्या जूनमध्ये हसतील लोक, हसू द्या. पफर बॅगेत गेलं तर अर्ध्या किलोच्या आसपास वजन वाढेल आणि जागा त्याहून जास्त खाईल.

सुताचा_गुंता

घाटवाट यांच्याशी बहुतेक सहमत, कपड्यांबद्दल थोडी भर.

जीन्स दोन्ही घरी ठेवा. एक जीन्स ७००-८०० ग्रॅम, ओली झाली की दोन दिवस वाळत नाही आणि वारा अडवत नाही. तीन स्वेटरही नकोत. जूनमध्ये लेहला दुपारी पारा विशी-पंचविशीत, ऊन चटका देणारं. त्याच दिवशी नुब्राच्या वाटेवरची खारदुंगला खिंड पार करताना बर्फ पडू शकतो आणि पँगाँगला रात्री शून्याच्या आसपास. एका जाड स्वेटरने यातलं काहीच धड साधत नाही: दुपारी तो काढून हातात धरावा लागतो, रात्री वारा आरपार जातो. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पफर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट असे थर हवेत. गाडीत बसल्या बसल्या एकेक काढता-घालता येतात. क्रम मात्र चुकवू नका. पफरवर वाऱ्याचं जॅकेट घट्ट बसलं तर पफर दाबला जातो आणि त्यातली ऊब देणारी हवाच निघून जाते. म्हणून वरचं जॅकेट एक माप मोठं घ्या.

ताईंसाठी: मोठी सुती ओढणी एक नक्की घ्या, १५० ग्रॅममध्ये ऊन, धूळ आणि उशीवरचं कापड अशी तिन्ही कामं होतात. कुर्ते आवडत असतील तर खुशाल घ्या, फक्त जाड सुती नकोत आणि लांबी गुडघ्याच्या वर असू द्या. गोंपांच्या (बौद्ध मठांच्या) पायऱ्या उंच असतात.

धुण्याबद्दल एक विनंती. लेहमध्ये पाण्याची टंचाई असते, त्यामुळे बादल्या भरभरून धुऊ नका. एका तांब्यात साबणाचं पाणी करून आतले कपडे आणि मोजे तेवढे काढा, पिळून पंच्यात गुंडाळा आणि त्या गुंडाळीवर उभं राहा. पंचा पाणी ओढून घेतो, मग दोरीवर टाकलं की सकाळी तयार. जाडजूड टर्किश टॉवेलने हे होत नाही, तो स्वतःच वाळत नाही.

कपडे गुंडाळायचे की घडी घालायचे यावर लोक उगाच भांडतात. टी-शर्ट आणि थर्मल गुंडाळा, फ्लीस आणि जॅकेट पसरट घडी घालून पाठीच्या बाजूला उभं लावा. तीन रात्रींचं सामान एका कापडी पिशवीत वेगळं बांधा. नुब्राला निघताना बाकीचं लेहच्या हॉटेलात ठेवता येतं, परत तिथेच उतरणार असाल तर सहसा नाही म्हणत नाहीत. निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या.

पिनकोड_४११

विजेचं आणि विमानतळाचं सांगतो, इथेच लोक अडकतात.

पॉवर बँक केबिन बॅगेतच. चेक-इनमध्ये चालत नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४ वॅट-तास, म्हणजे बसते. पण तिचं वजन ४०० ग्रॅमच्या पुढे जातं. दोघांत १०,००० ची एकेक घ्या, एक बिघडली तर दुसरी असते. आकडा पुसट झालेली पॉवर बँक घेऊ नका, तपासणीला आकडा वाचता आला नाही तर काढून घेऊ शकतात.

चार्जर दोघांत मिळून दोन पोर्टचा एकच. पँगाँगच्या कॅम्पात वीज बऱ्याचदा संध्याकाळचे काही तासच असते आणि तंबूत सॉकेट एखादाच. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आणि पॉवर बँक रात्री रजईत घ्या, टेबलावर ठेवू नका.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या.

ऑक्सिजनचा डबा इथून नेऊ नका, विमानात चालत नाही. लेहच्या बाजारात मिळतो. कापूरही नको. तो ज्वालाग्राही, आणि हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. वास तिखट लागतो म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं इतकंच. काडेपेटी, लायटर, पॉकेट चाकूही घरीच.

चाफेकळी_नाशिक

सगळ्यांचे आभार! जीन्स कपाटात परत गेल्या. दोन शंका. खाऊमध्ये काय ठेवू? आणि यजमान म्हणतात, दोघांत मिळून एक तरी चेक-इन बॅग करू, सोपं जाईल. करावी का?

मेतकूट

खाऊ आधी. नूडल्स, बिस्किटं, चहा लडाखमध्ये रस्तोरस्ती मिळतात, ती वाहू नका. न्यायचंच तर मेतकूट १०० ग्रॅम, शेंगदाण्याची कोरडी चटणी १००, खाकरे किंवा भाजणीचे कडबोळे २०० आणि गुळाची चिक्की १५०. खोबऱ्याची वाटी नको, सुकं खोबरं तपासणीत काढून घेतात. ओल्या तेलाचं लोणचं केबिन बॅगेत नकोच. गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा न्यायचे असतील तर लक्षात ठेवा: लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, पँगाँगला आणखी कमी. पाकिटावर ५ मिनिटं लिहिलं असेल तर ८-१० मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर कचकचीत राहतात.

हवेचा दाब लेहला समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश, खारदुंगलाला जवळपास निम्मा. याचा त्रास पिशवीतल्या सगळ्यांना होतो. चिवड्याचं पाकीट फुगतं आणि शिवण सुटते. सनस्क्रीनची अर्धी ट्यूब उघडली की क्रीम उडून शर्टावर येतं. पाकिटाला सुईने टोचून वर चिकटपट्टी लावा. ट्यूब निघतानाच दाबून हवा काढून बूच लावा, आणि तिथे उघडताना तोंड वर धरून बूच हळूहळू फिरवा. शॅम्पू नको, पुड्या दोन पुरतात. पण सनस्क्रीन, ओठांचं मलम आणि नाकात लावायला व्हॅसलिन किंवा साजूक तूप यांत काटकसर करू नका, कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं.

बाटली एकपदरी स्टीलची घ्या, थर्मास नको. एकतर हलकी, आणि रात्री कॅम्पात गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, लोकरी मोज्यात घातली की पायाशी शेकायची पिशवी तयार. थर्मासची ऊब बाहेर येत नाही, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. सकाळी तेच पाणी प्यायला.

औषधं दोन दिवसांची जास्त. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, आणि तुमची रोजची बीपी-थायरॉइडची गोळी तिथे त्याच कंपनीची मिळेलच असं नाही. विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

चेक-इनबद्दल: यजमानांचं चुकत नाही. पण ती बॅग उचलणार कोण? हवा विरळ, म्हणून पहिले दोन दिवस लेहला ओझं उचलायचं नाही, जिने सावकाश चढायचे आणि बऱ्याच हॉटेलांना लिफ्ट नाही. मुंबई-दिल्ली आणि दिल्ली-लेह एकाच तिकिटावर असतील तर बॅग थेट लेहला जाते. वेगवेगळी तिकिटं असतील तर दिल्लीला पट्ट्यावरून उतरवून पुन्हा जमा करावी लागते आणि मधला वेळ दोन तासांहून कमी असेल तर पंचाईत. माझं मत: जाताना नको. येताना जर्दाळू, अक्रोड, शाल असं सामान वाढलं तर रिकामी कापडी थैली (घडी करून ८० ग्रॅम) सॅकमध्ये असू द्या आणि तीच चेक-इन करा. पॉवर बँक त्यातून आधी काढा.

घाटवाट

मेतकूट यांच्या थैलीला अनुमोदन. फक्त लेहला परतीच्या दिवशी विमानतळावर रांग मोठी आणि तपासणी कडक असते, तेव्हा थैली आदल्या रात्रीच भरून ठेवा. हॉटेलात काटा मिळत नाही, तर हाताने लटकवून बघायचा छोटा डिजिटल वजनकाटा (साधारण १०० ग्रॅम) दोघांत एक घ्या.