पोस्टग्रेस: कमांड लाइनवरून पहिला डेटाबेस करताना 'रोल डझ नॉट एक्झिस्ट' का येतं?

लकडीपूल (प्रश्न)

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची पुस्तकयादी एक्सेलमधून पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये न्यायची आहे. साधारण ६,२०० नोंदी, नावं जवळपास सगळी मराठी. मशीनवर उबुंटू २४.०४. एपीटीने (उबुंटूचं इन्स्टॉल करायचं साधन) पोस्टग्रेस इन्स्टॉल झालं, तक्रार काही आली नाही. पण रिकामा डेटाबेस करण्यातच अडलंय.

टर्मिनलवर 'क्रिएटडीबी वाचनालय' दिलं की 'फेटल: रोल डझ नॉट एक्झिस्ट' येतं आणि त्यात उबुंटूचं लॉगिन नाव दिसतं. कुठेतरी वाचून पोस्टग्रेस यूजरने पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसशी बोलायच्या प्रोग्राममध्ये) शिरून तीच कमांड दिली, तर एंटर मारल्यावर काहीच होत नाही, नुसती पुढची ओळ येते. त्याखाली 'क्रिएट डेटाबेस वाचनालय;' दिलं तर 'सिंटॅक्स एरर'. शिवाय प्रत्येक वेळी 'कुड नॉट चेंज डिरेक्टरी' अशी एक ओळ उमटते, ती वेगळीच.

ग्राफिकल साधन नको आहे, कमांड लाइनच शिकायची आहे. क्रमाने काय करायचं?

मुठाकाठ

आधी एक सोय: कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. एकाक्षरी पर्याय मुद्दाम टाळलेत, कारण छोटा यू आणि मोठा यू यांतच निम्मे नवशिके घसरतात. आमचा वाचनालय म्हणजे डेटाबेस, ग्रंथपाल म्हणजे त्याचा मालक.

तुमचा घोटाळा एकच आहे: टर्मिनल आणि पीएसक्यूएल ही दोन वेगळी घरं आहेत. 'क्रिएटडीबी' हा जोडून लिहिलेला शब्द म्हणजे टर्मिनलवरचा स्वतंत्र प्रोग्राम. 'क्रिएट डेटाबेस' ही एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसच्या भाषेची, आज्ञा, ती पीएसक्यूएलच्या आत आणि शेवटी अर्धविराम देऊनच. तुम्ही आत जाऊन बाहेरची कमांड दिलीत. पीएसक्यूएलला वाटलं वाक्य अजून चालू आहे, म्हणून ते अर्धविरामाची वाट बघत बसलं. पुढच्या ओळीचं वाक्य त्याला जोडलं गेलं आणि दोन्ही मिळून निरर्थक झालं, म्हणून सिंटॅक्स एरर. प्रॉम्प्टकडे बघायची सवय लावा. =# दिसत असेल तर नवीन वाक्य, -# दिसत असेल तर मागचं अर्धवट. अर्धवट टाकून द्यायचं तर कंट्रोल-सी.

पहिल्या एररचं कारण निराळं. पोस्टग्रेसमधले यूजर, म्हणजे रोल, आणि उबुंटूचे यूजर ही दोन वेगळी खाती. इन्स्टॉल करताना दोन्हीकडे फक्त 'पोस्टग्रेस' नावाचं खातं तयार होतं. तुमच्या लॉगिन नावाचा रोल आत नाहीच, मग तो सापडणार कुठून? म्हणून पहिलं काम पोस्टग्रेस बनून करायचं. सुडो हा प्रोग्राम दुसऱ्या खात्याच्या नावाने कमांड चालवतो:

सुडो --यूजर=पोस्टग्रेस क्रिएटयूजर --पीडब्ल्यूप्रॉम्प्ट ग्रंथपाल

इथे दोन पासवर्ड येतात, त्यांत गल्लत नको. सुडो विचारतो तो तुमचा उबुंटूचा. त्यानंतर 'न्यू रोल'साठी जो दोनदा मागतो, तो ग्रंथपालाचा नवा. टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, कीबोर्ड बिघडलेला नाही. मग:

सुडो --यूजर=पोस्टग्रेस क्रिएटडीबी --ओनर=ग्रंथपाल वाचनालय

काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला की काम झालं. खात्रीसाठी:

सुडो --यूजर=पोस्टग्रेस पीएसक्यूएल --लिस्ट

यादीत तुमच्या वाचनालयाशेजारी पोस्टग्रेस, टेम्प्लेट० आणि टेम्प्लेट१ दिसतील. नवा डेटाबेस म्हणजे टेम्प्लेट१ची नक्कल असते. म्हणून तिघांनाही हात लावू नका. टेम्प्लेट१मध्ये चुकून टेबल बनवलंत तर पुढच्या प्रत्येक डेटाबेसमध्ये ते जन्मतःच येईल.

'कुड नॉट चेंज डिरेक्टरी' हा फक्त इशारा आहे. पोस्टग्रेस यूजरला तुमच्या होम फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नाही, एवढंच तो सांगतो. त्रास होत असेल तर आधी 'सीडी /टीएमपी' करा. होम फोल्डरची परवानगी सैल करू नका.

आता रोजचं लॉगिन, पोस्टग्रेस म्हणून नव्हे तर ग्रंथपाल म्हणून:

पीएसक्यूएल --होस्ट=लोकलहोस्ट --यूजरनेम=ग्रंथपाल --डीबीनेम=वाचनालय

होस्टचा भाग गाळलात तर 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' येईल. होस्ट दिला नाही की जोडणी सॉकेटवरून (मशीनमधल्या एका खास फाइलीतून) होते. तिथे पोस्टग्रेस पासवर्ड विचारतच नाही, फक्त उबुंटूचं लॉगिन नाव आणि रोलचं नाव एकच आहे का ते बघतं. लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन, पण नेटवर्कच्या वाटेने) दिलं की पासवर्ड विचारला जातो. नेटवर यावर 'पीजी_एचबीए.कॉन्फ फाइलमध्ये ट्रस्ट लिहा' असा उपाय सर्रास सापडतो. तो करू नका. मग त्या मशीनवर बसलेला कोणीही, कोणत्याही रोलने, पासवर्डाशिवाय आत शिरतो.

आत शिरल्यावर प्रॉम्प्ट 'वाचनालय=>' असा दिसेल. # ऐवजी > म्हणजे तुम्ही सुपरयूजर (सगळे हक्क असलेला रोल) नाही, आणि तेच हवं.

नळस्टॉप

वरच्या उत्तरात '--ओनर' आहे, तो गाळू नका. बऱ्याच जुन्या लेखांत आधी डेटाबेस करून मग 'ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन डेटाबेस' द्यायला सांगतात. आवृत्ती १४पर्यंत ते चालून जायचं. १५पासून पब्लिक स्कीमात (डेटाबेसमधला टेबलं ठेवायचा नेहमीचा कप्पा) टेबल बनवायचा सर्वांना असलेला हक्क काढून घेतला आहे. उबुंटू २४.०४मध्ये आवृत्ती १६ येते, म्हणजे तुम्हाला हे लागू आहे. ग्रँट यशस्वी होतं, लॉगिनही होतं आणि पहिलं टेबल बनवताना 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक'. डेटाबेसवरचे सगळे हक्क म्हणजे त्यातल्या स्कीमावरचे हक्क नव्हेत, ही मेख आहे. मालकाला मात्र आडकाठी येत नाही. आधीच मालकाशिवाय केला असेल तर पोस्टग्रेस म्हणून आत जाऊन 'ऑल्टर डेटाबेस वाचनालय ओनर टू ग्रंथपाल;'.

नावाबद्दल: छोटी रोमन अक्षरं आणि अंडरस्कोर, बाकी काही नको. एसक्यूएलमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेली मोठी अक्षरं पोस्टग्रेस गुपचूप छोटी करतं, पण टर्मिनलवरचं क्रिएटडीबी ती जशीच्या तशी ठेवतं. म्हणून बाहेरून मोठ्या अक्षरात केलेला डेटाबेस आतून 'ड्रॉप डेटाबेस' करताना सापडत नाही, दुहेरी अवतरण द्यावं लागतं. नावात आडवी रेघ असली तरी तेच. देवनागरी नावही पोस्टग्रेस घेतं, पण मर्यादा ६३ बाइटची आहे आणि युटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे २१ चिन्हं. हौस म्हणून ठीक, पण रोज टर्मिनलवर कीबोर्ड बदलत बसायचं असेल तरच.

लकडीपूल

झालं! डेटाबेस यादीत दिसतोय, ग्रंथपाल म्हणून लॉगिनही झालं. आता दोन शंका. पुस्तकांची नावं आपल्या वर्णमालेच्या क्रमाने लागतील ना? आणि एक्सेलची फाइल आत कशी घ्यायची?

पर्वतीपायथा

क्रमाचं बरं विचारलंत, तेही डेटा भरण्याआधी. डेटाबेसचा लोकेल, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावायचे नियम, तो तयार होतानाच ठरतो, नंतर बदलता येत नाही. वाचनालय अजून रिकामं आहे, तर पाडून परत बांधा:

सुडो --यूजर=पोस्टग्रेस ड्रॉपडीबी वाचनालय

सुडो --यूजर=पोस्टग्रेस क्रिएटडीबी --ओनर=ग्रंथपाल --एन्कोडिंग=यूटीएफ८ --लोकेल-प्रोव्हायडर=आयसीयू --आयसीयू-लोकेल=एमआर-आयएन --टेम्प्लेट=टेम्प्लेट० वाचनालय

(दुसरी कमांड एकाच ओळीत. आयसीयू म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावणारी लायब्ररी, एमआर-आयएन म्हणजे भारतातली मराठी.) टेम्प्लेट० लिहिणं सक्तीचं आहे. टेम्प्लेट१मध्ये कोणी आधीच काही भरलेलं असू शकतं, ते नव्या लोकेलच्या क्रमाशी जुळेलच असं नाही, म्हणून पोस्टग्रेस वेगळा लोकेल मागितल्यावर तिथून नक्कल करत नाही. 'डझ नॉट मॅच' किंवा 'इनकम्पॅटिबल' असे शब्द असलेली एरर आली तर हेच विसरलात. ड्रॉपडीबीला 'बीइंग अॅक्सेस्ड बाय अदर यूजर्स' आलं, तर दुसऱ्या खिडकीत तुमचंच पीएसक्यूएल उघडं असणार. ते \क्यू देऊन बंद करा. ड्रॉपडीबी 'खरंच का?' असं विचारत नाही, हेही ध्यानात असू द्या.

लोकेलचं महत्त्व एका ओळीत तपासता येतं. पीएसक्यूएलमध्ये:

सिलेक्ट * फ्रॉम (व्हॅल्यूज ('काळ'), ('काहूर'), ('काल')) अॅज टी(शब्द) ऑर्डर बाय शब्द;

आतले तीन शब्द मात्र देवनागरीतच टाइप करा. युनिकोडमध्ये ळ हा लच्या लगेच नंतर बसवला आहे, त्यामुळे नुसत्या कोडच्या क्रमाने काल, काळ, काहूर असं लागतं. आपल्या वर्णमालेत ळ हच्या पुढे, म्हणजे काल, काहूर, काळ हवं. पाडण्याआधी जुन्या डेटाबेसात आणि नंतर नव्यात, दोन्हीकडे चालवून बघा.

पाडायचं नसेल तर प्रश्नागणिक 'ऑर्डर बाय नाव कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू"' लिहिता येतं, दुहेरी अवतरणासकट. पण रोज कोण लक्षात ठेवणार?

एक्सेलकडे वळू. 'सेव्ह अॅज'मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा प्रकार निवडा. त्याच्याजवळच नुसतं 'सीएसव्ही' असतं, ते निवडलंत तर सगळं मराठी प्रश्नचिन्हांत जमा होईल, आणि त्या फाइलमधून ते परत मिळत नाही. मूळ फाइल म्हणूनच जपून ठेवा. टेबल बनवल्यावर:

\कॉपी पुस्तके फ्रॉम 'यादी.सीएसव्ही' विथ (फॉरमॅट सीएसव्ही, हेडर)

उलटी तिरकी रेघ महत्त्वाची. ती असेल तर फाइल तुमच्या खात्याने वाचली जाते. नसेल तर सर्व्हर स्वतः वाचायला जातो आणि साध्या रोलला परवानगी नाही म्हणून थांबवतो. ही आज्ञा एका ओळीतच संपवायची. एक्सेल फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट टाकतं, पण 'हेडर' लिहिल्यामुळे पहिली ओळच वगळली जाते आणि ते आपोआप गळतात.

आणि यादी श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर. ओळखायची खूण: सेलचा फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर डेटाबेस कितीही नीट बांधा, आत चिवडाच जाईल.

डेक्कनकट्टा

एक विरोधी मत. एकच मशीन, एकच माणूस, ६,२०० नोंदी, यासाठी पोस्टग्रेस म्हणजे लोणी कापायला तलवार. एसक्यूलाइट३ (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) टाका, 'एसक्यूलाइट३ वाचनालय.डीबी' म्हणा, झाला डेटाबेस. रोल नाहीत, पासवर्ड नाही, सर्व्हर नाही. फक्त नवशिक्यांना एक गोष्ट चकवते: ही कमांड देऊन लगेच बाहेर पडलात तर फाइल तयारच झालेली नसते. पहिलं टेबल बनवल्यावरच ती डिस्कवर उमटते.

मुठाकाठ

नोंदींच्या संख्येबद्दल मान्य. पण एसक्यूलाइट मुळात बाइटच्या क्रमाने लावतं, म्हणजे काल, काळ, काहूरच. मराठी क्रमासाठी आयसीयूचं एक्स्टेन्शन वेगळं बांधावं लागतं, ते नवशिक्याला जास्त जड जाईल. शिवाय देवघेवीच्या टेबलावर दुसरा संगणक आला की दोघांनी एकाच वेळी लिहायचा प्रश्न येणारच.

लकडीपूल

नव्या लोकेलने काल, काहूर, काळ आलं. पोस्टग्रेसच ठेवतोय. फॉन्ट एरियल करून बघितला: जुन्या रजिस्टरवरून उतरवलेल्या दोन शीट्समध्ये चिवडा आहे, बाकी ठीक. शेवटचं, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा मशीन धाडकन बंद होतं. डेटाबेस बिघडेल का?

नळस्टॉप

कमिट झालेलं, म्हणजे पक्कं नोंदवलेलं, राहतं. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या नोंदवहीत डिस्कवर लिहितं आणि परत चालू होताना त्यावरून स्वतःला सावरतं. अर्धवट राहिलेला व्यवहार तेवढा रद्द होतो. वीज आल्यावर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आणि त्यात ५४३२ असा सॉकेटचा उल्लेख दिसला तर सर्व्हर अजून उठलेला नाही. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' देऊन स्थिती बघा, 'डाउन' असेल तर 'सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट पोस्टग्रेएसक्यूएल'. डिस्कच गेली तर वॉलही जातो, म्हणून बुधवारी संध्याकाळी:

पीजी_डंप --होस्ट=लोकलहोस्ट --यूजरनेम=ग्रंथपाल --फॉरमॅट=कस्टम --फाइल=वाचनालय.डंप वाचनालय

आणि ती फाइल पेनड्राइव्हवर. त्याच डिस्कवर ठेवलेल्या नकलेचा डिस्क गेल्यावर काही उपयोग नाही.