पाच लाखांचा अर्ज भरायचा, की डबाच फिरवायचा?

पाडा_नंबर_चार

आमचं काम छोटं आहे, आधीच सांगून टाकते. ठाण्यात लोकमान्य नगरला एका गणेशोत्सव मंडळाची खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जणी बीपी आणि शुगर तपासतो. नववं वर्ष चालू आहे. वहीत आज ६२ नावं आहेत. बहुतेक घरकामाच्या बायका, वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात जाणारे, तीन-चार रिक्षावाले. महापालिकेच्या केंद्रात गोळ्या फुकट मिळतात हे ठाऊक आहे, आम्हीच त्यांना तिथे धाडतो. पण ओपीडी सकाळची, आणि सकाळचा खाडा झाला की पगारातून कापतात.

खर्च वर्षाला सत्तर हजारांच्या आसपास. त्यातले ३६ हजार एका मुलीचं मानधन, महिना तीन हजार. बाकी स्ट्रिप्स, सुया, मशीनचे सेल. पैसे कुठून येतात? श्रीखंडाचा रिकामा डबा सोसायट्यांमधून फिरतो, आणि दोन दुकानदार न बोलता देतात.

आता आपल्याच भागातल्या एका धर्मादाय फाउंडेशनने सामुदायिक आरोग्याच्या कामासाठी अर्ज मागवलेत. पाच लाखांपर्यंत, एका वर्षापुरते. चौदा पानांचा अर्ज, भाच्याला बसवून वाचून घेतला. तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, १२ए (संस्थेला आयकरात सूट), ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत), दर्पणचा नंबर (संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची नोंद), हे सगळं गोळा होईल. अडलं ते दोन ठिकाणी. लाभार्थी किमान २०००. आणि ‘मानधन व प्रशासकीय खर्च’ एकूण रकमेच्या १० टक्क्यांच्या आत.

माझं मत, भरू नये. दोन हजार करायचे तर मैदानात शिबिरं लावा, बॅनर लावा, बोट टोचा, आकडा सांगा, चला पुढचा. त्यातल्या कितींनी गोळी सुरू केली हे विचारायला अर्जात रकानाच नाही. मंडळात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते. रोखठोक बोला.

जमाखर्च

ताई, रोखठोक म्हणालात म्हणून. पाच लाखांचे दहा टक्के पन्नास हजार. मुलीला तुम्ही देता छत्तीस. बसतंय की! अर्ज भरायचा नाही हे आधी ठरलंय आणि कारण मागून शोधलंय, असं मला वाटतं.

डब्याचं कौतुकही जरा आवरा. डब्यातल्या पैशाला नाव नसतं. वर्षाला लाखाच्या आत आहे म्हणून निनावी देणगीवरचा ३० टक्के कर तुम्हाला शिवत नाही, इतकंच. रोखीत दोन हजारांच्या वर कुणी दिले तर त्याला ८०जीची सवलतही मिळत नाही. म्हणजे मोठा देणारा तुमच्याकडे फिरकणारच नाही. नऊ वर्षं सत्तर हजारांवर अडकलात ते उगाच नाही.

पाडा_नंबर_चार

काका, तुमचं गणित उलटं करून बघा. आम्हाला सत्तर हजारच हवे आहेत. सत्तरचे दहा टक्के सात. मुलीला छत्तीस द्यायचे तर मागावे लागतील तीन लाख साठ हजार, आणि उरलेले सव्वातीन लाख कशावर तरी घालवावे लागतील. मग काय घेऊ? वजनकाटे? प्रोजेक्टर? आमच्या खोलीत दोन बाकं मावतात, तिसरं टाकलं तर गणपतीची मखर बाहेर ठेवावी लागते.

तुर्भे_स्टोअर

ताईंना +१. आम्ही यातून गेलोय. नवी मुंबईत खाणकामगारांच्या वस्तीत टीबीच्या पेशंटना शिधा देत होतो. सरकारकडून पेशंटला पोषणासाठी महिना ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले, पण पगार थांबलेल्या घरात हजार किती दिवस पुरतात? मग एका कंपनीने पैसे दिले. किट बरं होतं, तक्रार नाही. पण प्रत्येक किटमागे फोटो हवा, पेशंटचा चेहरा दिसेल असा. आमच्या बाया-बापड्यांनी घरमालकाला आजार सांगितलेला नसतो. एकीने पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला, तर तो फोटो ‘अस्पष्ट’ म्हणून परत आला. ती पुढच्या महिन्यात किट न्यायला आलीच नाही. औषध सहा महिन्यांचं, ती तिसऱ्या महिन्यात होती. तिला परत आणायला आमच्या कार्यकर्त्याला चार फेऱ्या माराव्या लागल्या, आणि त्या फेऱ्यांचं रिक्षाभाडं मंजूर खर्चात बसत नव्हतं.

वर्ष संपलं, अनुदान संपलं. दुसऱ्या वर्षी कंपनीचा विषय बदलला, झाडं लावायला गेले. पेशंट आमच्या दारात.

छाननीवाला

मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे. एका कंपनीच्या सीएसआरचे, म्हणजे नफ्यातून करायच्या समाजकामाचे, अर्ज चाळण्यात माझी पाच वर्षं गेली, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. हे पैसे आभाळातून पडत नाहीत, त्यांचा हिशेब संचालकांना द्यावा लागतो. माझ्यासमोर चाळीस अर्ज आणि दीड तास असायचा. मी काय बघणार? माणशी खर्च. फाउंडेशनच्या अटीप्रमाणे पाच लाखांत दोन हजार, म्हणजे माणशी २५०. तुमचे सत्तर हजार भागिले ६२ करा. अकराशेच्या वर जातं. तुम्ही चौपट महाग आहात, ताई.

महाग असायला हरकत नाही, फक्त अकराशेत काय झालं ते दाखवा. म्हणून साधा प्रश्न, अर्जाचा नव्हे, माझा. तुमच्या ६२ जणांपैकी किती जणांचं बीपी आज १४०/९० च्या खाली आहे?

पाडा_नंबर_चार

काढलेलं नाही.

छाननीवाला

नऊ वर्षांत?

पाडा_नंबर_चार

नाही. दर रविवारचा आकडा वहीत आहे, पण बेरीज कुणी केली नाही. लागलं मला ते, खोटं कशाला बोलू.

जमाखर्च

‘अर्जात रकानाच नाही’ म्हणणाऱ्यांच्या वहीतही तो रकाना नाही तर. असो, आता मी आवरतो.

तुर्भे_स्टोअर

@जमाखर्च, टोमणा पुरे. बेरीज करायला माणूस लागतो आणि माणसाचे पैसे कुणी देत नाही, हाच तर वाद आहे. मशीन मागा, मिळतं. रिबीन कापता येते ना त्याची.

पाडा_नंबर_चार

दोन दिवस गायब होते. मुलीला घेऊन वही उघडली. बीपीचा हिशेब अजून चाललाय, पण त्याआधी वेगळंच निघालं. मागच्या तीन महिन्यांत ६२ पैकी ४४ जणच आलेत. मी सगळ्यांना ६२ सांगत फिरत होते. उरलेल्या अठरांत काही गावी गेले, दोघांची चाळ पाडली म्हणून ते दिव्याला भाड्याने गेले, एक आजोबा वारले आणि त्यांचं नाव कुणी खोडलंच नाही.

पण ही मुलगी तीन हजारांत काय करते तेही ऐका. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत. पहिल्या दिवशी शुगर ३२० होती. गोळ्या सुरू झाल्या, मग दर रविवारी १३०, १४०. आम्ही खूश. ही त्यांच्याच गल्लीत राहते, एकदा सहज चहाला गेली. फळीवर गोळ्यांचं पाकीट होतं. तीस दिवसांत तीस खड्डे रिकामे व्हायला हवेत, झाले होते आठ. मावशी शुक्रवार-शनिवार गोळी घ्यायच्या, रविवारी सकाळी उपाशी यायच्या. म्हणाल्या, ‘तुम्ही रागावता ना!’ मग आम्ही डब्यातून पैसे काढून तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी केली. १०.४ आली, म्हणजे शुगर आवाक्यात नव्हतीच.

ती फळी बघायला जाणं ‘प्रशासकीय खर्चा’त मोडतं?

छाननीवाला

नाही मोडत. इथे मी तुमच्या बाजूने. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर मर्यादा आहे ती ५ टक्क्यांची, आणि ती कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या खर्चावर आहे. प्रत्यक्ष प्रकल्प राबवण्याचा आणि त्यावर देखरेखीचा खर्च त्यात धरतच नाहीत. फाउंडेशनने मानधन आणि प्रशासन एकाच रकान्यात कोंबलंय ती त्यांची स्वतःची अट आहे, कायद्याची नाही. बऱ्याचदा कुणाचा तरी जुना फॉर्म उचललेला असतो, बाकी काही नाही. त्यांना लेखी विचारा. मुलीला ‘मानधन’मध्ये घालू नका, ‘गृहभेटी व पाठपुरावा’ असं शीर्षक करा आणि महिन्याला किती भेटी ते लिहा. मावशींची गोष्ट नाव न घेता तशीच्या तशी घाला. असं काही वाचायला मिळालं असतं तर मी चहा सोडून वाचलं असतं.

पण ६२ लिहू नका. ४४ लिहा.

तुर्भे_स्टोअर

शीर्षक बदलून पैसे मिळवायचे हा उपाय? मग पुढच्या वर्षी ‘गृहभेटी’ला पैसे नाहीत म्हणाले की ती मुलगी पुन्हा डब्यावर. आणि तोवर सोसायट्यांनी डब्यात टाकणं बंद केलेलं असतं, ‘आता तुम्हाला फंड मिळतोय ना’ म्हणून. आमच्याकडे अगदी हेच झालं. वर्गणी एकदा तुटली की परत जोडायला वर्षं जातात.

जमाखर्च

हा मुद्दा मात्र मान्य.

कळव्याची_सिस्टर

मी तीस वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, आता निवृत्त आहे. तुमचा पैशांचा वाद चालू द्या. मला वेगळं विचारायचंय. बोट टोचलेल्या सुया कुठे टाकता?

पाडा_नंबर_चार

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. भरली की झाकण लावून घंटागाडीत.

कळव्याची_सिस्टर

वाटलंच. अगं, घंटागाडीवरचा माणूस ती बाटली हाताने उचलतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आरोग्य शिबिरांनाही लागू आहेत. सुयांसाठी पांढरा, टोचून आरपार न जाणारा डबा लागतो, आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. जवळच्या दवाखान्याशी बोलून त्यांच्या कचऱ्यासोबत पाठवायची सोय करा. दुसरं, स्ट्रिप्सची डबी उघडली की तिच्यावर तारीख लिहिता का? उघडल्यानंतर ती किती दिवस चालते ते लेबलावर दिलेलं असतं. जुन्या स्ट्रिपने चुकीचा आकडा आला तर तुमची वही काय कामाची?

अर्ज भरा किंवा भरू नका, पण निदान असले प्रश्न विचारणारं कुणीतरी असावं. माझ्या मते अनुदानाचा खरा फायदा तोच. डबा फिरवणाऱ्यांना कुणी विचारत नाही.

पाडा_नंबर_चार

हे ऐकून घेते. तारीख नाही लिहीत.

आज फाउंडेशनला फोन केला. बाई नीट बोलल्या. मुलीचे पैसे गृहभेटींत दाखवले तर चालेल म्हणाल्या. दोन हजारांचा आकडा मात्र खाली आणता येणार नाही, ‘वरून ठरलेला आहे’. मी म्हटलं, आमच्या ४४ जणांची प्रत्येकी पन्नास वेळा तपासणी होते, मिळून बावीसशे झाले. त्या हसल्या. मग म्हणाल्या, ‘तपासण्या वेगळ्या, माणसं वेगळी.’ बरोबरच होतं त्यांचं.

छाननीवाला

मग या वर्षी नका भरू. वर्षभर तो बीपीचा आकडा काढा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे तो घेऊन जा, जिथे संख्येची अट नाही. एखाद्या खासगी ट्रस्टचा स्वतःचा पैसा असेल तर सीएसआर-१ चा नंबरही (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेची सरकारी नोंदणी) लागत नाही.

जमाखर्च

पुढच्या वर्षासाठी एक विचारून ठेवतो. परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या तुमच्या नोंदीत, सध्या विश्वस्त कोण आहेत?

पाडा_नंबर_चार

पाच जण. त्यातले दोघे कोविडात गेले.

जमाखर्च

आणि चेंज रिपोर्ट?

पाडा_नंबर_चार

तो काय असतो?

जमाखर्च

अरे देवा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचा असतो. म्हणजे कागदोपत्री तुमचा कारभार अजून दोन स्वर्गवासी बघतायत. हे पाहून कुठलंही फाउंडेशन अर्ज बाजूला ठेवेल, दोन हजार असोत की चव्वेचाळीस. उशीर माफ करण्याच्या अर्जासकट भरावा लागेल. मृत्यूचे दाखले आणि सभेचा ठराव शोधून ठेवा. मी नौपाड्यात असतो, कागद बघून देईन, फी नको. बोलण्यात जरा तिखट आहे मी, ते सोडून द्या.

कळव्याची_सिस्टर

रविवारी किती वाजता उघडता?

पाडा_नंबर_चार

साडेसातला. उपाशीपोटी आलेल्यांना आधी घेतो.

कळव्याची_सिस्टर

सातला येते. सुयांचा डबा माझ्याकडे एक आहे, तो आणते.