मदत हवी आहे: दुसरा राउटर जोडला की घरभर नेट बंद पडते

हॉलमध्ये फायबरचा वायफाय राउटर आहे. मागच्या खोलीत रेंज पोचत नाही म्हणून तिथे जुना राउटर ठेवून १५ मीटर लॅन केबल ओढली. केबलची दोन्ही टोके लॅन पोर्टमध्येच आहेत. जोडले की काही मोबाइलवर वायफाय दिसते, पण नेट चालत नाही. १९२.१६८.१.१ उघडले तर कधी या राउटरचे पान येते, कधी त्या. शिवाय कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा) बाहेरून दिसावा म्हणून बसवणाऱ्याने राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याचा आकडा दिलेला रस्ता) उघडून दिला आहे. डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीचाच आहे. यात धोका आहे का?

प्रतिसाद १
बिघाड काही नाही. दोन्ही राउटरचा पत्ता एकच आहे आणि दोघेही डीएचसीपीने (उपकरणांना आपोआप पत्ता देणारी सोय) पत्ते वाटत आहेत. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मोबाइल घेतो. जुन्याने दिला तर मोबाइल त्यालाच बाहेरचा रस्ता समजतो, आणि त्याच्या मागे तर इंटरनेटच नाही. घरात पत्ते वाटणारा एकच हवा.

मधली केबल काढा आणि लॅपटॉप जुन्या राउटरला वायरने जोडा. सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' (राउटर फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटत नाही) असेल तर तो निवडा, काम झाले. नसेल तर आधी वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षा (डब्ल्यूपीए२, एईएस) हॉलमधल्यासारखीच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १ द्या, दुसऱ्याला ६ किंवा ११. मग लॅन आयपी (घरातल्या जाळ्यातला या राउटरचा पत्ता) १९२.१६८.१.२ करा. राउटर पुन्हा चालू झाला की याच नव्या पत्त्यावर जा आणि डीएचसीपी सर्वात शेवटी बंद करा. हा क्रम चुकला की लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि सेटिंगचे पान उघडत नाही. तसे झालेच तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या.

मुख्य राउटरचे पत्तेवाटप १९२.१६८.१.१० पासून सुरू करा, म्हणजे .२ दुसऱ्या कुणाला जाणार नाही. केबल लॅन ते लॅनच राहू द्या, जुन्याचा वॅन पोर्ट (इंटरनेटची केबल लावायचा) रिकामा. वॅनमध्ये लावूनही नेट चालेल, पण आतले जाळे वेगळे ठेवावे लागेल आणि मागच्या खोलीतून हॉलमधला प्रिंटर सापडणार नाही.

प्रतिसाद २
डीव्हीआरचे आजच करा, ते जास्त गंभीर आहे. २०१६ मधल्या मिराई या मालवेअरने कंपनीचे मूळ पासवर्ड वापरूनच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. पोर्टचा नुसता आकडा बदलून लपता येत नाही, शोधणारे सगळेच पोर्ट तपासतात.

आधी पोर्ट फॉरवर्डिंग (बसवणाऱ्याने उघडलेला पोर्ट) काढा आणि यूपीएनपी बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच पुन्हा पोर्ट उघडून घेईल. मग डीव्हीआर बंद-चालू करून पासवर्ड बदला, फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. पासवर्ड आधी बदलून पोर्ट उघडा ठेवणे पुरेसे नाही, कारण फर्मवेअरमधल्या त्रुटीला पासवर्ड लागतच नाही. बाहेरून पाहायचेच असेल तर राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हर (बाहेरून घरच्या जाळ्यात सुरक्षितपणे येण्याची सोय) आहे का पाहा.

दोन्ही राउटरवर डब्ल्यूपीएसही (पासवर्ड न टाकता पिन किंवा बटणाने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटी नव्हे, फक्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो.

प्रश्नकर्ता
पत्ते बदलले, आता दोन्हीकडे नेट चालते. पोर्टही बंद केला. फक्त हॉलमध्ये वायरने २०० एमबीपीएस मिळतात आणि मागे वायरने ९४ च्या वर जात नाही.

प्रतिसाद १
९४ म्हणजे जोडणी १०० एमबीपीएसवर झाली आहे. केबलचे मागचे टोक थेट लॅपटॉपला लावून लिंक स्पीड बघा. १००० दिसला तर जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे आहेत, केबलला हात लावू नका. १०० च दिसला आणि लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिट असेल, तर केबलमध्ये दोष आहे. १०० साठी १, २, ३, ६ या चारच तारा लागतात, १००० साठी आठही. बहुतेकदा निळी किंवा तपकिरी जोडी कनेक्टरमध्ये नीट बसलेली नसते. दोन्ही टोके कापून याच क्रमाने पुन्हा क्रिम्प करा (कनेक्टर दाबून बसवा): पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका.