कार्ट ट्रॅकसाठी १५० सीसी गाडी बनवायची आहे, इंजिनला हात लावू का?

शिरोली_व्हीएमसी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटर आहे. हुपरीला मोहितेंच्या ट्रॅकवर कार्टिंग बघत बघत लहानाचा मोठा झालोय आणि आता स्वतःची गाडी बनवून छोट्या ट्रॅकवर पळवायची हे डोक्यात पक्कं बसलंय, रात्री झोपताना पण तेच. बजेट सगळं धरून ७५ हजार, त्यात गाडी पण आली. दोन गाड्या समोर आहेत. एक मित्राची यामाहा आरएक्स १३५, जुनी टू स्ट्रोक, इंजिन खोललेलं आहे, पोर्टिंग (सिलेंडरची भोकं घासून मोठी करणं) करून देतो म्हणतोय. दुसरी यामाहा आर१५ व्हर्जन २, एका पडण्यात फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) फुटलंय म्हणून स्वस्तात मिळतेय. आर१५ घेतली तर बोअर (सिलेंडरचं भोक) वाढवून मोठा पिस्टन टाकावा असं गॅरेजवाला म्हणतो. रिअरसेट (मागे-वर सरकवलेले फूटपेग), ब्रॅकेट वगैरे मी स्वतः मशीनवर काढू शकतो. काय घेऊ आणि पैसे आधी कशात घालू?

सिंहगड_सकाळी_सहा

भावा आर१५ घे आणि इंजिन अजिबात खोलू नको. फक्त व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघ, नवीन प्लग, एअर फिल्टर, ऑइल, झालं. कार्ट ट्रॅकवर सरळ रस्ता असतो किती, तू थ्रॉटल पूर्ण उघडेपर्यंत ब्रेकिंग पॉइंट येतो. तिथं दोन बीएचपी जास्त असून जेवढा वेळ वाचेल त्याच्या कितीतरी पट चांगले टायर आणि चांगला पुढचा ब्रेक वाचवतो. बोअर वाढवलेलं इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि मग तू रविवारी ट्रॅकवर नाही तर गॅरेजात असतोस.

आता मुख्य गोष्ट, ही वगळू नको. ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टरच्या कव्हरचे बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, कॅलिपरचे बोल्ट, सगळ्यांना दीड एमएमचं भोक पाडून ०.८ ची स्टेनलेस तार पिळून बांधायची, आणि तारेचा ओढा बोल्ट घट्ट होतो त्या दिशेला हवा. मी पहिल्या वर्षी ते केलं नव्हतं. बोल्ट सैल झाला, ऑइल मागच्या टायरवर आलं, माझं कॉलरबोन मोडलं ते जाऊ दे पण माझ्या मागून येणारी दोन पोरं त्याच ऑइलवर घसरून पडली, त्यातलं एक तर पहिल्यांदाच ट्रॅकवर आलेलं. ते मला अजून सलतंय. म्हणून फेअरिंगचा खालचा भाग असा कर की इंजिनातलं सगळं ऑइल, आर१५ मध्ये साधारण एक लिटर असतं, त्यात साठून राहील. आणि रेडिएटरमधला कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भर, कूलंट रस्त्यावर सांडला की तेलासारखाच निसरडा आणि वाळत पण नाही लवकर. घरी आल्यावर पाणी काढून परत कूलंट भरायचा, नाहीतर आतून गंज.

वायरिंग कापत बसू नको, हेडलाईटचे कपलर काढून टेप मार. गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर आहे तो तर मुळीच काढायचा नाही.

टू_स्ट्रोक_सातारा

आरएक्सला कोणीच बोलणार नाही म्हणून मी बोलतो. वजन बघा आधी, आरएक्स १०० तर १०३ किलोची गाडी, आर१५ व्हर्जन २ आहे १३६. छोट्या ट्रॅकवर दिशा बदलताना हे वजन हाताला कळतं. आणि टू स्ट्रोकवर माणूस शिकतो, कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदल, प्लग काढून रंग बघ, परत बदल, एका दुपारी इंजिन काय मागतंय ते समजायला लागतं. मी गेली पंधरा वर्षं हेच करतोय आणि मला दुसरं काही नको.

पण शिरोलीवाल्या तुला खरं सांगतो, पहिली गाडी म्हणून घेऊ नको. पुढं ड्रम ब्रेक असेल तर पाच सहा लॅपनंतर तापून लिव्हर मऊ होतो, डिस्क बसवायची तर फोर्क, हब, रिम सगळं बदललं. १८ इंची चाकं, त्यात बारीक टायर, चांगल्या रबराचा टायर त्या साईझमध्ये शोधत फिरावं लागतं. आणि पोर्टिंग केलेल्या इंजिनात जेट थोडं जरी बारीक राहिलं तरी सरळ रस्त्याच्या शेवटी पिस्टन तापून सिलेंडरला धरतो, मागचं चाक जाम, क्लचवर बोटं नसतील तर गाडी गेली. माझी दोनदा गेलीय. शिवाय आता आरएक्सचे भाव आभाळाला भिडलेत, चांगली गाडी ट्रॅकवर आपटायला जीव होत नाही.

शिरोली_व्हीएमसी

दादा लोक लई आभार, बोअरचं डोक्यातून काढलं. तारेचं वाचून तर अंगावर काटा आला. रिअरसेटसाठी ६०८२ अ‍ॅल्युमिनियमची १० एमएमची प्लेट शॉपमध्ये पडून आहे, ती चालंल ना? आणि गिअरिंग कसं ठरवायचं, सगळे म्हणतात पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी कर. अजून एक, कुणीतरी म्हणालं व्हर्जन १ घे, ती जास्त पटकन वळते.

कारी_ची_नाशिककर

मी मूळ नाशिकची, नोकरीमुळे कोइम्बतूरला, त्यामुळे तिथला कारी स्पीडवे हा रेस ट्रॅक हाताशी आहे. व्हर्जन १ चं म्हणणं खोटं नाही, तिचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १२९० एमएम, व्हर्जन २ चा १३४५, आखूड गाडी चटकन वळते. पण व्हर्जन १ ला मागे १०० एमएम रुंदीचा टायर आणि रिम पण अरुंद, त्यावर जबरदस्तीने रुंद टायर चढवला की त्याचा आकार चिमटल्यासारखा होतो. व्हर्जन २ ला मूळचाच १३०/७०-१७ आहे, मऊ रबराचे पर्याय मिळतात. तू २ च घे.

गिअरिंगचं असं, समजा पुढे १५ आणि मागे ४७ दात आहेत, म्हणजे ४७ भागिले १५, ३.१३. हा आकडा वाढला की ओढ वाढते, टॉप स्पीड कमी होतो. पुढे १४ केलेस तर ३.३६, तेच मागे ५० केलेस तर ३.३३. म्हणजे पुढचा एक दात हा मागच्या तीन दातांएवढा. पण पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मला (मागचं चाक धरणारा दांडा) घासते, म्हणून सुरुवातीला स्वस्तात १४ लावून बघ आणि मग मागची दोन तीन स्प्रॉकेट स्वतःच बनव, तुझ्या हातात मशीन आहे, हे सुख आम्हाला नाही. कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, चेन्नईचा ३.७, तिथलं गिअरिंग हुपरीला उपयोगाचं नाही. ज्या वळणातून बाहेर पडताना इंजिन रडतंय ते वळण लक्षात ठेव आणि त्याच्यासाठी दात निवड.

प्लेट चालेल. फूटपेगची टोकं गोल कर, टोकदार पेग पडल्यावर डांबर खणतो आणि गाडी उलटते.

सस्पेन्शनला लोक शेवटी हात लावतात, तू आधी लाव. पुढच्या फोर्कला एक झिप टाय बांध, हेल्मेट, सूट असं सगळं अंगावर घालून गाडीवर बस, किती दबली ते मोज. तीस पस्तीस एमएमच्या पुढे गेली तर स्प्रिंगवर पीव्हीसी पाईपचा स्पेसर कापून टाक, फोर्कमधलं ऑइल एक ग्रेड जाड घाल. शंभर दोनशे रुपयांत गाडी ब्रेकला नाक खुपसायची थांबते. आणि ७५ मधले निदान २५ हजार स्वतःच्या अंगावरच्या गिअरला बाजूला काढ, जुना लेदर सूट चालेल पण हेल्मेट नवीनच, दुसऱ्याचं वापरलेलं घ्यायचं नाही, ते आतून कुठं दबलंय ते दिसत नाही.

सिंहगड_सकाळी_सहा

ताईंनी सगळं सांगितलं. फक्त गाडी घेताना फोर्क सरळ आहे का ते बघ, पडलेली आहे म्हणतोस. दोन्ही फोर्कवर सपाट काच ठेवून बघायची, डुगडुगली तर पाईप वाकलेत. ऑइलचं झाकण उघडून आत दुधी चहासारखं दिसलं तर उलट पावली परत ये, पाणी ऑइलमध्ये जातंय. आणि लाईट आरसे काढले की ती रस्त्यावर चालवायची नाही, छोटा हत्ती करून न्यायची.

शिरोली_व्हीएमसी

रविवारी सकाळी जयसिंगपूरला बघायला चाललोय, काच आणि टॉर्च पिशवीत टाकली. दीडचं ड्रिल शॉपमध्ये आहेच, आज जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या बोल्टवर हात बसवला, दोन ड्रिल मोडले, तिसऱ्यानं आरपार गेलं. बोल्टचा कोपरा आधी सेंटर पंचने मारून घ्यायचा का फाईलने सपाट करून?

सिंहगड_सकाळी_सहा

फाईलने सपाट कर, मग पंच, आणि कटिंग ऑइल सोडत राहा. व्हाईसमध्ये बोल्ट तिरका धर म्हणजे भोक एका कडेतून शेजारच्या कडेत निघतं, मधून आरपार न्यायची गरज नाही.